बाळगोळी

आई, परवा दुपारी वॉर्डात मी एका म्हातारीचं मनगट धरलं, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं राहून गेलंय असं वाटतंय.

तू होतीस तेव्हा मी मोठ्यांच्या वॉर्डात नर्स होते. आता नवजात बाळांकडे असते. आमच्याकडे काही बाळं अशी येतात की आईला गरोदरपणी ज्या गोळीची सवय लागलेली असते, ती पोटात त्यांनाही मिळालेली असते. जन्मल्याबरोबर ती मिळायची एकदम बंद होते. मग बाळ थरथरतं, बारीक टोकदार आवाजात रडत राहतं, दुधासाठी तडफडतं आणि चार घोटांत दमतं. औषधाचे थेंब लागतात कधी, पण बरंचसं काम साधंच. उजेड कमी, बोलणं हळू, मऊ कापडात गुंडाळायचं आणि छातीशी धरून बसायचं. आईच्या छातीशी ते सगळ्यात लवकर निवतं.

या वेळच्या बाळाची आई कळमेश्वरला एका कारखान्यात दिवसभर उभी राहून पॅकिंग करायची. कंबर दुखते म्हणून कोणीतरी कॅप्सूल दिली, आणि पुढे दुखणं नसलं तरी ती लागायला लागली. दिवस राहिल्यावर तिने बंद करून पाहिली, पण अंग इतकं तुटायला लागलं की पुन्हा घेतली. आता डॉक्टर तिला ठरवून दुसरं औषध देतात, आणि त्यावर असताना तिने बाळाला पाजायला हरकत नाही, असं त्यांनी सांगितलंय. सासूला हे अजिबात पटत नव्हतं. "गोळीनंच बिघडली, अन् तुमी बी तिले गोळीच देऊन राहिले! असी नशेबाज बाई लेकरू सांभाळन का? तिले माहेरी धाडतो, नातू मी नेतो." हे सगळं सुनेच्या तोंडावर. ती मुलगी बाळाला आणखी जवळ ओढायची. मला भीती वाटायची की ही बाई खरंच तसं करेल, आणि बाळ ज्या एका जागी शांत होतं तीच त्याच्यापासून जाईल.

परवा सून आंघोळीला गेली होती. बाळ रडायला लागलं म्हणून मी आत गेले, तर सासूने चंचीतून काहीतरी काळं काढून बोटाच्या टोकावर घेतलेलं, आणि ते बोट बाळाच्या ओठाजवळ. मी मनगट धरलं.

"काय आहे हे?"

"काही नाही वं सिस्टर, बाळगोळी हाये. माह्या तिन्ही पोराइले देली. थोड्या वेळात कसं गपगार झोपते, पाहाजो."

अभिमानाने सांगत होती गं. आणि मला एकदम उमरेडचं घर दिसलं. तू मागावर बसली आहेस, धोटा इकडून तिकडे पळतो आहे, धाकटा झोळीत किरकिरतो आहे. तू उठतेस, तळहातावर गोळी दुधात उगाळतेस, बोटाने त्याला चाटवतेस. "काय देतेस?" मी विचारते. "झोप," तू म्हणतेस. मी पुन्हा "काहून?" विचारते तेव्हा खेकसतेस, "तू सांभाळतं का त्याले दिवसभर? मंग बोल." धाकटा संध्याकाळपर्यंत हलत नाही.

म्हातारीला मी सांगितलं, "आजी, यात अफू असते. तुमच्या सुनेची कॅप्सूल आणि ही, दोघी एकाच खानदानातल्या. याने बाळाचा श्वास थांबला असता." ती आधी हसली. "काईबी बोलता." मग हसू तसंच अर्धं राहिलं आणि ती स्वतःच्या बोटाकडे बघत बसली. नंतर उठून बेसिनपाशी गेली आणि हात धूत राहिली. मी डॉक्टरांना सांगितलं, ते लपवण्यासारखं नव्हतं. ते तिच्यावर ओरडले नाहीत, उरलेली गोळी मात्र मागून घेतली. एक प्रश्न मला तेव्हापासून छळतो. तेच बोट सुनेचं असतं, तर मी इतक्या हळू बोलले असते का?

सून ओल्या केसांनी परत आली. सासूने माफी वगैरे मागितली नाही. म्हणाली, "केस पूस आधी, थंडी बाजन. पाय वर घेऊन बस. मंग घे त्याले." आणि तिच्या पाठीशी स्वतःच उशी लावली.

आज ते घरी गेले, तिघंही एकाच रिक्षात. बाळ आईच्या कुशीत होतं. डॉक्टरांनी दिलेलं सुनेचं औषध सासूने मला दोनदा विचारून घेतलं, कधी द्यायचं, जेवणाआधी की नंतर.

हे तुला पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तुझा हात धरायला त्या घरात कोणी नव्हतं, एवढंच लिहून थांबणार होते. पण खरं सांगायचं तर, दिवसभराचा माग आणि झोळीत रडणारं पोर माझ्या वाट्याला आलं असतं, तर गोळी मीही उगाळली असती.