मूर्तिजापूरला तुटणारी रेष

आई, आज अकोल्यात, तुझ्या माहेरच्या गावात, मी तासभर भांडले आणि जिंकले. विषय ॲम्ब्युलन्सचा होता. अमरावतीहून निघालेल्या गाडीतली पेटी पेशंटच्या हृदयाचा आलेख अकोल्याच्या डॉक्टरांना पाठवत असते. मूर्तिजापूरजवळ एक नेटवर्क सुटतं, दुसरं मिळतं, पेटीचा नेटवर्कवरचा पत्ता बदलतो आणि इकडचा पडदा कोरा होतो. पेशंट तोच, पेटी तीच. पण यंत्रणेला पत्ता हीच ओळख वाटते, म्हणून नवा पत्ता म्हणजे कोणीतरी अनोळखी. मी म्हणाले, पेटीला कायमचं नाव द्या. ती सध्या कुठं आहे ते वेगळं नोंदवत राहा. संबंध नावाशी जोडा, जागेशी नाही.

मंजुरी देणाऱ्या समितीतले एक काका हसले. "मॅडम, एवढी भानगड कायले? तुटलं त पुन्हा जोडू."

"आन् तेवढ्यात पेशंट गेला, त त्याले बी पुन्हा जोडता का?"

हा राग कुठून आला, ते तुला कळेल. ती जुनी दुपार आठव: अमरावतीच्या स्वयंपाकघरात तू भाकरी थापते आहेस. दारात तुझी शाळेतली मैत्रीण, लग्नाला न आलेली, अकोल्याहून एसटीनं येऊन तुझं माहेरचं नाव विचारते आहे. आजी, तुझी सासू, तिला सांगते, "त्या नावाचं कोनी नाही राहत इथं." आजी खोटं बोलत नव्हती. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं तुझं नवं नाव लिहिलं, आणि जुनं त्या घरात कोणाच्या तोंडी राहिलंच नाही. तू पिठाच्या हातांनी धावतेस. "मीच आहो ना ते, आत्याबाई!" तोवर गल्ली रिकामी. परत येऊन तू करपलेली भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "तिले वाटलं असन, मी मेली."

जागा बदलली म्हणून ओळख पुसणारी व्यवस्था आळशी असते, मग ती घराची असो की यंत्राची. हे मी कोणत्याही व्यासपीठावर ठणकावून सांगेन. आज मात्र बोलणं थांबवून मी कायमचं नाव दिलेली पेटी बसवून चाचणीची गाडी अमरावतीहून सोडायला लावली. मूर्तिजापूर आलं, गेलं. रेष चालत राहिली. काका पडद्याला नाक लावून म्हणाले, "जमलं बुवा!" सगळ्या गाड्यांत अशी पेटी बसवायला मंजुरी मिळाली.

हे लिहून पाकीट घेतलं, आणि तुझं कोणतं नाव लिहावं ते सुचेना. तुला दोन्हींतलं कोणतं आवडतं, हे मी तुला कधी विचारलंच नाही.