मागच्या बोटीचा दोर

ब्राउन्स्टन, कालव्याकाठी
रविवार, २ ऑगस्ट १९६४

चि. एझ्रा यास आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

महिना झाला, तुझा कागद नाही. म्हणून थर्झाला टेबलाशी बसवलंय. बोलणारी मी आणि लिहिणारी तुझी मावशी, तेव्हा चुका तिच्या आणि शहाणपण माझं. (आई सांगते तसंच लिहीत आहे. – थर्झा)

इकडे आठवड्याला दोन मालाच्या बोटी गेल्या तरी मी दाराशी उभी राहून बघते. गेल्या वर्षी बर्फाने कालवा गोठवला आणि धंदा बसला, तो उठलाच नाही. सत्तर वर्षं बोटीवर झोपले. आता घराला चार भिंती आहेत आणि त्यांतली एकही हलत नाही. झोप लागायची कशी?

थर्झाच्या विल्फशी भांडत नाहीस ना? गोदीतलं बोटी रंगवायचं पक्कं काम सोडून त्याने तुमचा हा चौघांचा बँड उभा केला. ‘लॉककीपर्स’, म्हणजे कालव्याची दारं राखणारे, हे नाव त्याचं, गाणारा तो, गिटार त्याची, आणि ड्रम बडवायला मावसभाऊ तू. हंगाम नीट पार पडला तर मॅनेजर पुढच्या उन्हाळ्याचा करार देणार, हे थर्झा दुकानात तीनदा सांगून आली आहे. (दोनदा. – थर्झा) तुम्ही वाजवता त्या स्केगनेसच्या हॉलिडे कॅम्पचं चित्र तिने घड्याळाला टेकवून ठेवलंय, त्यामुळे मला वेळ दिसत नाही.

गुलाब रंगवलेला पाण्याचा डबा अजून दाराशीच आहे. पाच वर्षांचा असताना त्यावर आजोबांच्या इंजिनाचा ठोका वाजवायचास. गुलाब उडाले, पण तू पाडलेले पोचे शाबूत आहेत.

लोभ आटला नसेल तर दोन ओळी जास्त लिही.

तुझी आजी,
केझाया हॅम्ब्रिज


स्केगनेस
गुरुवार, ६ ऑगस्ट

ती. आजीस कृ. सा. न. वि. वि.

आजी, हे पत्र थर्झामावशीला वाचायला देऊ नकोस. प्रॅटलीबाईंच्या दुकानात जा आणि त्यांच्याकडून वाचून घे.

काल आमचा कार्यक्रम संपल्यावर मागच्या रांगेतला एक कोटवाला माणूस मला भेटायला आला. तो ‘जॅकडॉज’चं काम बघतो. हो, तेच जॅकडॉज, ज्यांची गाणी प्रॅटलीबाईंच्या रेडिओवर लागली की तू कानांवर हात ठेवतेस. त्यांचा ड्रमवाला सोडून गेला आहे आणि त्यांना मी हवा आहे. आजोबांचं इंजिन मधेच एक ठोका गिळायचं आणि पुढच्याला पुन्हा धरायचं, आठवतं? मी तसं वाजवतो ते त्याला आवडलं. म्हणाला, हे शिकवून येत नाही.

शनिवारी, पंधरा तारखेला, हो की नाही ते कळवायचं आहे. एकोणतीसला त्यांच्याबरोबर लेस्टरला पहिला कार्यक्रम.

विल्फला मी काहीच बोललो नाही. मी गेलो तर हंगामाच्या मधेच बँड लंगडा होईल आणि पुढचा करार जाईल. तो माझ्या शेजारच्या खाटेवर झोपतो, सकाळी माझ्याही बुटांना पॉलिश करून ठेवतो. मला त्याच्याकडे बघवत नाही. न सांगता चिठ्ठी ठेवून निघून जावं, असंही मनात येतं. मी काय करू?

तुझा,
एझ्रा


ब्राउन्स्टन
सोमवार, १० ऑगस्ट

चि. एझ्रा यास आशीर्वाद, आणि जरा अक्कलही.

आज लिहिणाऱ्या प्रॅटलीबाई आहेत. कारण तुला ठाऊकच आहे.

शनिवारी पत्र आलं. मी नेहमीप्रमाणे थर्झाला हाक मारली. तिने चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचलं की हे पत्र थर्झामावशीला वाचायला देऊ नकोस. अरे गाढवा! मला अक्षर ओळखता येत नाही, तर ती ओळ मला सांगणार कोण होतं? टपालवाल्याचा कुत्रा? (इथे एक शब्द गाळला आहे. – ई. प्रॅटली)

आधी आम्ही दोघी हसलो. मग ती पुढचं मनात वाचू लागली आणि तिचं हसू विझलं. पत्र एप्रनच्या खिशात घातलं, उठली, किटली ठेवली आणि पाणी आटेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली. दोन दिवस माझ्याशी शब्द नाही. मी काय काय कल्पना केल्या ते सांगत नाही. त्यात तुझं एकदा लग्नही लागलं आणि एकदा तुरुंगवासही झाला. आज सकाळी पत्र माझ्या बशीखाली ठेवलेलं सापडलं. तशीच दुकानात आले.

जा किंवा जाऊ नकोस, हे मी सांगणार नाही. पण जोडीने बोटी चालवायची आपली रीत तू विसरला असशील तर ऐक. पुढे इंजिनाची बोट, मागे दोराने ओढलेली. बोट खालीवर करणारं लॉकचं कुंड एका बोटीपुरतंच अरुंद असलं की दोर सोडावा लागतो. त्यात पाप नाही, मी हजारदा सोडलाय. पण सोडणारा आधी ओरडतो. मग मागचा माणूस सुकाणू सांभाळतो, दोर गोळा करतो, बोट काठाला लावतो. न ओरडता सोडलास तर ती बोट बंधाऱ्याकडे वाहत जाते, आणि तिच्यावर माणूस असतो.

चिठ्ठी ठेवणं म्हणजे ओरडणं नव्हे. तोंडाने सांग, आणि त्याचं तोंड बघत सांग.

माया आहे तिथेच आहे, तू मात्र तोंड चुकवू नकोस.

आजी


ब्राउन्स्टन
सोमवार, १० ऑगस्ट

एझ्रा,

आशीर्वाद पुढच्या पत्रात.

माझी बहीण गेली तेव्हा तू आठ महिन्यांचा होतास. एका मांडीवर विल्फ, दुसरीवर तू, आणि काखेत सुकाणू. कोणाला किती घास भरवले ते मी कधी मोजलं नाही आणि आज मोजणार नाही. जाऊ नकोस म्हणायचा मला हक्क नाही, आणि जा म्हणायला तोंड उघडत नाही.

पण विल्फशी मी लपवाछपवी करणार नाही. दर गुरुवारी मी त्याला पत्र टाकते. या गुरुवारच्या पत्रात हे असेल आणि शुक्रवारी सकाळी त्याच्या हातात पडेल. त्याच्या आत तू सांगितलंस तर माझं पत्र शिळं होईल. ते शिळं व्हावं, एवढीच माझी इच्छा आहे.

तुझी मावशी


स्केगनेस
शुक्रवार, १४ ऑगस्ट

ती. आजीस कृ. सा. न.

हे पत्र थर्झामावशीनेच वाचावं.

मंगळवारी सांगायचं ठरवलं, तर विल्फ नवं गाणं बसवत होता. बुधवारी त्याचा घसा बसला होता. तुला कळतंय ना, मी कारणं शोधत होतो. काल दुपारी तो गिटारची तार बदलत बसला होता, तेव्हा त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी नाही. तोंड बघत.

तो तार पिळत राहिला. मग विचारलं की तो माणूस कधी भेटला. मी म्हटलं, गेल्या बुधवारी. त्याने बोटांवर मोजलं. आठ दिवस. म्हणाला, तू जाणारच होतास, आज ना उद्या. असा ठोका धरणारा माणूस स्केगनेसला म्हातारा होत नाही. पण हे आठ दिवस तू माझ्या ताटातलं खात होतास आणि गप्प होतास. जाण्याचं बघून घेईन, आठ दिवसांचं जमणार नाही.

कार्यक्रमात त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी ठोका गिळला की तो दर वेळी मान वळवून हसतो. काल हसला नाही.

आज सकाळी मावशीचं पत्र आलं. त्याने न फोडता खिशात ठेवलं. इथल्या नाचाच्या वाद्यवृंदातले म्हातारे गार्बट बाकीचा हंगाम निभावून नेणार आहेत. पुढच्या वर्षाच्या कराराबद्दल मॅनेजर काही कबूल करत नाही. उद्या मी जॅकडॉजना हो कळवणार, आणि बावीसला निघणार.

आजी, मी ओरडलो. पण उशिरा.

एझ्रा


ब्राउन्स्टन
मंगळवार, २५ ऑगस्ट १९६४

चि. एझ्रा यास आजीचे आशीर्वाद.

लेखणी पुन्हा थर्झाच्या हातात आहे, यावरून घरचं हवामान ओळख.

रविवारी, सुट्टीच्या दिवशी, विल्फ आला. दुपारच्या बसने, कुणाला न कळवता. माझ्यासमोर बसला. थर्झाने मटण आणि बटाटे वाढले, त्याने बटाटे ताटात इकडून तिकडे फिरवले. तुझं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. आम्ही दोघांनी मिळून गार्बटना नावं ठेवली. म्हणे तालमीत लंगडं घोडं जिना उतरतंय असं वाजवतात, आणि करार मिळेल की नाही ते देवाला ठाऊक. उठताना एवढंच विचारलं, लेस्टरचा कार्यक्रम किती वाजता सुटतो. मी म्हटलं, मला इथलं घड्याळही दिसत नाही, तुझ्या आईने त्याला चित्र टेकवलंय.

जाताना दाराशी वाकला आणि तो डबा उचलला. तुझा पोचेवाला. का नेतोस, असं मी विचारलं नाही. जन्मभर मागच्या बोटीचं सुकाणू धरलेल्या बाईला कधी विचारायचं नाही ते कळतं. रात्री पलीकडे आईच्या घरी राहिला आणि काल सकाळी डबा घेऊन गेला.

तुझं लेस्टर शनिवारी आहे, आणि शनिवारी कॅम्पात जुने पाहुणे जातात, नवे येतात, त्यामुळे तिथे गाणं-वाजवणं नसतं. तेव्हा माझा अंदाज असा की तू त्या नव्या लोकांबरोबर वाजवून बाहेर येशील तेव्हा मागच्या दाराशी एक माणूस हातात डबा घेऊन उभा असेल. तो डबा तुला द्यायला आणलाय की तुझ्या टाळक्यात घालायला, ते मला सांगता येत नाही. काहीही असो, घाम पुसत बसू नकोस. सगळ्यांच्या आधी तू बाहेर ये, आणि या वेळी आठ दिवस लावू नकोस.

टाळकं शाबूत राहिलं तर पत्र टाक. फुटलं तर विल्फला टाकायला सांग. दोघांवरचा माझा जीव जुन्या दोरासारखा आहे, पीळ पडलाय पण तुटत नाही.

तुझी आजी,
केझाया

ता. क. राहिलेले आशीर्वाद यासोबत पाठवते. विल्फ रविवारी रात्रभर माझ्या शेडमध्ये दिवा लावून बसला होता. डब्यावर नवे गुलाब काढलेत, लाल आणि पिवळे. पोचे मात्र ठोकून काढले नाहीत, त्यांच्यावरूनच रंगवलंय. रंग ओला होता म्हणून डब्याच्या कडीला दोरी बांधून, अंगापासून लांब धरून नेला. आईला मी हे सांगितलेलं नाही. तिला अंदाज बांधू दे. तूही पत्रात लिहू नकोस, तिला वाचून दाखवायचं मलाच आहे.

– थर्झामावशी