काचेच्या खोलीचा ताप

प्रिय भाऊजी,

सोमवारी सकाळी मी काचेच्या खोलीतली फरशी पुसली, आईंची आरामखुर्ची उन्हात सरकवली, भिंतीवरचा थर्मामीटर वाचून वहीत १०३ लिहिलं आणि आतलं दार उघडून ऊब घरात सोडली. आधी हे सांगते, म्हणजे तुमची वहिनी कामचुकार नाही हे कळेल. नमस्कार मागाहून आठवला, तो गोड मानून घ्या. कंबर कशी आहे? (आमच्याच काचा चढवताना धरली, म्हणून विचारणं भाग आहे.)

जुन्या खिडक्या जोडून तुम्ही दक्षिणेला ही खोली उभी केलीत, तेव्हा मी म्हटलं होतं, यात फक्त माश्या भाजतील. शब्द मागे घेते. मागची भिंत तुम्ही सांगितल्याप्रमाणे काळी रंगवली (शेजारीणबाई म्हणाल्या, "आता भिंतीनेही दुखवटा पाळायचा का?"). पुस्तकात वाचल्याप्रमाणे ऊन उतरलं की आतलं दार लावते. भिंत निजेपर्यंत कोमट राहते. आई यंदा गुडघ्यांबद्दल चकार शब्द काढत नाहीत. सगळे शब्द माझ्या स्वयंपाकासाठी मोकळे झालेत. भाऊजी, तुमचे उपकार फिटायचे नाहीत.

शाळेच्या सभागृहाला अशीच खोली जोडायची म्हणून तुम्ही आकडे मागितलेत. बावीस दिवस नेमाने लिहिले. सोमवारी सुतार दार घासायला आला, त्याने वही चाळली. "काकू, सकाळी एकशेतीन, दुपारी एकशेतीन, ढगाळ दिवशीही एकशेतीन? खोलीला टायफॉईड झालाय की काय?" मग भिंतीकडे बघून, "अहो, हा तर तापाचा! झटकल्याशिवाय पारा उतरेल कसा?"

मी अडाण्यासारखा चेहरा केला. आई खुर्चीतून माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

तुमची,
वहिनी

ता. क. शनिवारी शाळेच्या समितीपुढे माझी वही ठेवू नका. खोली खरी आहे, आकडे खोटे आहेत. भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर पाठवा, पुन्हा पहिल्यापासून लिहीन.

आणखी एक ता. क. झटकायचं मला ठाऊक नव्हतं, असं नाही. त्यांच्या आजारपणात दिवसातून चारदा झटकत होते. तो १०३ तुमच्या दादांचा, शेवटच्या संध्याकाळचा. घरात दुसरा थर्मामीटर नव्हता आणि ह्याला झटकायला हात धजेना. आईंनाही माहीत होतं.

मंगळवारी सकाळी फरशी पुसली, आईंना उन्हात बसवलं आणि थर्मामीटर झटकला.