रामदासचा डावा हात

खडकी,
९ नोव्हेंबर

चि. रामदास,
सप्रेम जयभीम आणि ताईचे भरपूर आशीर्वाद.

आम्ही मजेत. तुझे दाजी सकाळी कानटोपी घालून फिरायला जातात आणि भाजी आणायची विसरून येतात. तू माझे फोन कट करतोस म्हणून हे पत्र. शर्मिला, तू मोठ्यानं वाच गं, तुझा नवरा नुसती घडी घालून ठेवील.

सोमवारी तुझी बायपास. डॉक्टर आमोद डाव्या हातातली धमनी लावायची म्हणतात आणि तू अडून बसलायस, ‘पायातली शीर घ्या, नाहीतर ऑपरेशनच नको.’

दाजींनीही त्यांच्या बायपासच्या वेळी हेच टुमणं लावलं होतं. तेव्हा सुहासिनी मॅडम होत्या, आमोदच्या गुरू. काय बाई होती! चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “घेते की पायातली. पण ती दहा-बारा वर्षांत तुंबली तर परत माझ्याच दारात याल, आणि मला तोवर निवृत्त व्हायचंय.” मग शांतपणे समजावलं, पायातल्या शिरेला हृदयाच्या जोराची सवय नसते, धमनीला असते. एक धमनी छातीतली लावली, एक हातातली. तिसऱ्या जागी पायातली शीर.

गेल्या वर्षी दाजींची अँजिओग्राफी झाली. पायातली बंद पडलीय. छातीतली आणि हातातली अजून छान वाहताहेत. मॅडम खुशाल निवृत्त झाल्यात, मी मनातल्या मनात त्यांना रोज हात जोडते. दाजींचा अंगठा काही महिने बधिर होता, एवढंच. आता त्याच हातानं खोलून खोलून घरातलं एक घड्याळ त्यांनी धड ठेवलेलं नाही.

पण तुझं दुखणं वेगळं आहे, मला कळतं. डॉक्टरांनी विचारलं असणार, लिहिता कुठल्या हातानं? तू म्हणाला असशील, उजव्या. अरे, आई जेवताना तुझा डावा हात पदरानं बांधायची, म्हणून तू उजव्यानं जेवायला, लिहायला लागलास. ढोलकीवर मात्र तुला कुणी अडवलं नाही. चौदा एप्रिलला तुझ्या डाव्या हाताची थाप पडली की अख्खं लोणी काळभोर डोलतं, आणि माझा ऊर भरून येतो. हे तुला कधी सांगितलं नाही मी.

वेड्या, डॉक्टर कमी वापरातल्या हाताचीच धमनी घेतात! आजच जा आणि सांग, मी डावखुरा आहे, उजव्यातली बघा. मनगटातली ती धमनी दाबून, दुसरीच्या रक्तानं तळहात परत लाल होतो का बघून ते ठरवतील. त्यात लाजायचं काय?

पुढचं लिहायचं नव्हतं, पण लिहिते. उजवा नाही चालला, तर डावा दे. गुपचूप दे. ढोलकी न वाजवणारा भाऊ मला चालेल रे. भाऊ गेल्यावर भिंतीवरची ढोलकी माझ्यानं बघवायची नाही.

सोमवारी ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर बसून राहणारी,
तुझी ताई,
चंद्रभागा