दोन बॅटऱ्यांचा दिवा

सोमवार

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे वीज गेली की तासन्‌तास येत नाही. तू ठेवून गेलेल्या बॅटरीवर दिवा लागतो, पण मध्येच मान टाकतो. अण्णांच्या डोळ्यांचं तुला ठाऊकच आहे. कडेचं सगळं गेलंय, समोरचं तेवढं नळीतून पाहावं तसं दिसतं. दिवा विझला की त्यांना वाटतं, उरलीसुरली नजरही गेली. मग श्वास वरखाली होतो, नुसता दिवाच गेलाय हे काही केल्या पटत नाही. मलाही शिवणयंत्रावर बसवत नाही, दर टाक्याला मान मागे वळते.

स्कूटरची जुनी बॅटरी सोबतीला जोडली तर दिवा जास्त टिकेल का? कोपऱ्यावरचा मेकॅनिक हो म्हणतो. लवकर कळव, नाहीतर मी माझी अक्कल पाजळीन.

जेवणाची हयगय करू नकोस. माझा धाक आहे तसा जीवही आहे, हे विसरू नये.

तुझी ताई

शनिवार

ती. ताईस, शि. सा. न.

बोट बंदराला लागली आणि तुझं पत्र हाती आलं. कृपा करून अक्कल पाजळू नकोस. जुनी बॅटरी नवीला शोषून घेते आणि दोन्ही तापतात. माझी नवीच आहे, तर हुबेहूब तसलीच दुसरी आण. दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज कर. मग अधिकला अधिक जोड, उणेला उणे. याची गल्लत झाली तर ठिणग्या उडतील. दिवा आहे तेवढाच उजेड देईल, पण टिकेल दुप्पट.

अण्णांना माझा नमस्कार सांग. इथे इंजिनाच्या घरघरीतही तुमचाच विचार असतो. माया करतेस तशी करत राहा.

तुझा धाकटा

गुरुवार

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येईतो मी स्कूटरची बॅटरी जोडून बसले होते. रागावू नकोस. वायर तापली, करपट वास सुटला, तो आधी अण्णांनाच आला. काय जाळतेस म्हणून त्यांनी आतून विचारलं. मी फडक्याने वायर ओढून काढली. मग तू लिहिलंस तसं सगळं नव्याने केलं.

काल दिवेलागणीला वीज गेली. दिवा लागला आणि लागूनच राहिला. कित्येक दिवसांनी मी मागे न पाहता शिवत होते. तेवढ्यात अण्णांनी विचारलं, दिवा गेला वाटतं, वीज कधी यायची. दिवा त्यांच्या उशाशी लख्ख जळत होता.

माझ्या तोंडून हो निघणारच होतं. पण आज हो म्हटलं, तर सकाळी काय सांगायचं? जवळ बसले आणि म्हटलं, अण्णा, दिवा चालू आहे. त्यांनी चाचपडत माझा हात शोधला. मग म्हणाले, असं असेल तर तो इथे कशाला, तुझ्या मशीनपाशी ने.

सकाळी डॉक्टरांकडे गेलो. आता नजर परत येणार नाही म्हणाले. येताना अण्णांनी तुझी बोट कुठवर आली असेल ते दोनदा विचारलं.

रजा मिळेल तेव्हा येईन असं नको, आत्ताच मागून घे. पत्रातला लोभ पोचतो रे, पण त्यांना तुझा आवाज हवा आहे.

तुझी ताई