मागची बाजू

२ जून, सकाळ
आजपासून रोजनिशी. काबाले शहरात मोबाइलचं दुकान चालवण्यात उमेदीची वर्षं गेली. आता गावी परतलोय ते कोबुसिंग्येशी लग्न करायला. त्याआधी तिच्या बापावर, म्हणजे वडीलधारे म्हणून सगळे ज्यांना म्झे म्हणतात त्या काटाबाझींवर, इम्प्रेशन मारणं आलं. त्यांची केळीबाग जंगलाला लागून. गोरिला उतरतात, नासधूस करतात. घंटा वाजवत त्यांना परत वळवणारी गावची टीम आहे, तिच्यात नाव घातलं. नवे गमबूट घेतले. संकल्प: एक पाऊलही मागे घ्यायचं नाही.

३ जून
गोरिलांवरचं पुस्तक वाचून काढलं. जाती दोन, पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची. आपले पूर्वेकडचे, त्यातही डोंगरी. थंडीमुळे केस लांब आणि दाट. पश्चिमेकडच्यांचे केस आखूड, डोकं तांबूस. म्झेंना हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, बाळा, तो माझी केळ मोडत असताना मी त्याच्या डोक्याचा रंग बघत बसू का? म्हाताऱ्यात जिज्ञासा कमी. लग्नानंतर वाढवता येईल.

कोबुसिंग्येला एका पानावर खूण करून पुस्तक दिलं. गोरिलाची मादी वयात आली की आपला कळप सोडते आणि नर स्वतः निवडते, कळपाला राखेल असा. तिने वाचलं, हसली, म्हणाली, राहू दे पुस्तक माझ्याकडे. शुभ लक्षण.

६ जून
टोंटो, म्हणजे केळ्यांची दारू, प्यायला बसलेल्या मंडळींना लेक्चर दिलं. रुपेरी पाठीचा नर किंचाळतो, छाती बडवतो, अंगावर धावून येतो. बहुतेकदा नुसता धाक असतो. पळायचं नाही. खाली बसायचं, नजर जमिनीवर. कुणीतरी म्हणालं, बारिग्ये, तू किती पाहिलेस रे? म्हटलं, भरपूर. (एक. समोरच्या टेकडीवर. तो खडकही असू शकेल.)

९ जून
बागेच्या कडेला पाल्याची अंथरुणं सापडली. गोरिला रोज संध्याकाळी नवं अंथरूण करतो, सकाळी टाकून जातो. हा मुगोंगोचा कळप. मुगोंगो म्हणजे त्यांचा रुपेरी पाठीचा थोराड नर. मी ताबडतोब प्लॅन दिला: सगळे घड उतरवा! गोरिला फळांसाठी झाडावर चढतो. (पाठांतरातून सांगितलं. पुस्तक तिच्याकडे, आणि ती बाजाराला गेलेली.) म्झे म्हणाले, अरे, आमचे गोरिला घडाला तोंडही लावत नाहीत. मी पुस्तकाची शपथ घेतली. होणाऱ्या जावयाचा मान म्हणून म्हाताऱ्याने सगळे भाऊबंद बोलावून कोवळे घड कापले.

१० जून
कळप आला. घडांचा ढीग ओलांडून गेला. बुंधे उभे फाडले, आतला पांढरा गाभा खाल्ला. एक पिल्लू घडांवर बसून खेळत होतं.

कोबुसिंग्येने पुस्तक उघडून दाखवलं. फळांच्या मागे उंच झाडांवर चढणारे ते मुख्यतः पश्चिमेकडचे. आपल्यांचं पोट पाला, बांबू, देठ, गाभा यांवर. मी म्हणालो, पुस्तक माझ्याकडे असतं तर ही वेळ आली नसती. चूक दोघांनी वाटून घ्यावी. तिने घेतली नाही.

म्झेंच्या घरी कोवळी केळी उकडून जेवण केलं होतं, मलाही वाढलं. लाज वाटली. पण भरपाई करणार.

१३ जून, दुपार
केली नाही.

कळप पुन्हा बागेत. टीम निघाली. टीममधला तिचा भाऊ तापाने पडलाय म्हणून घंटा घेऊन कोबुसिंग्येही आली. मी तिला सगळ्यांदेखत म्हणालो, तू माझ्या पाठीशी राहा. मुगोंगो किंचाळला आणि सरळ आमच्यावर आला. टीम खाली बसली. पुस्तकात सांगितल्याप्रमाणेच.

त्या वेळी मागची बाजू कुणीच राखत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. मी ती राखायला गेलो. वेगाने. एक गमबूट चिखलात राहिला.

१३ जून, संध्याकाळ
मागच्या बाजूला चहाचा मळा आहे. तिथून धोका नव्हता. आता लक्षात येतंय.

ती बसून राहिली होती म्हणे. मान खाली. मुगोंगो हाताच्या अंतरावर थांबला, एक केळ उपटली आणि कळपाला घेऊन जंगलात गेला. पळताना माझा धक्का तिला लागला होता. ते मला आठवत नाही असं मी सगळ्यांना सांगितलंय.

१५ जून
पाणवठ्यावर बायका मला बघून बोलायच्या थांबतात. एक म्हणाली, बारिग्ये, मागची बाजू ठीक आहे ना रे? हसलो. मागणीचा दिवस ठरलेलाच आहे, बदलण्यात अर्थ नाही. संकल्प: तिथे बाजी पलटवायची.

२१ जून
मागणी. आमच्यात मुलगा बोलत नाही. काका बोलतो, मुलगा मागे मान घालून बसतो. रीत किती सोयीची आहे! काकाला मी सगळं सांगून ठेवलं होतं, म्हणजे माझ्या पद्धतीने. काका उभा राहून म्हणाला, आमचा पोरगा मुगोंगोसमोर छाती काढून उभा राहिला! अंगणभर हशा. काकाला वाटलं भाषण रंगलं. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्याने. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्झेंनी लेकीला बोलावलं. विचारलं, यांनी आणलेली टोंटो घेऊ का? घेतली की होकार. तिने आमच्याकडे पाहिलं. काकाच्या आडून मी तिला अर्धाच दिसत असेन. उठावं, पुढे जावं, निदान खरं बोलावं, असं मनात आलं. उठलो नाही.

ती म्हणाली, बाबा, परत द्या. मग काकाजवळ पुस्तक आणि माझा गमबूट ठेवला. म्हणाली, त्याचं आहे, मागे राहिलं होतं.

घरी येऊन पुस्तक उघडलं. मी केलेली खूण मादीने नर निवडण्याच्या त्याच पानावर आहे. गमबूट तिने धुऊन, वाळवून दिलाय. आत चिखलाचा कणही नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.