मोज्यातला अंगठा

रवि., ८ फेब्रु.
आज नात रंजूच्या सोयरिकीचे पाव्हणे जेवायला. सगळ्यांच्या आधी कोण आलं, तर मुलाची आजी! मुलगा गाडी लावतोय, त्याचे आजोबा अजून फाटकाशी, आणि ही बाई तरातरा माझ्या स्वयंपाकघरात. "वासानंच भूक लागली हो." मला तर बाई आवडली. विजयनगरात घर, मुलगा रंजूच्याच कंपनीत, कडकोळला. रंजूनंच निवडलेला. नातीचं जमतंय, मी आपली हवेत.

आमच्या ह्यांनी मात्र घरात पायमोजे चढवलेले. अंगठा कालपासून लाल. मीच बजावलं होतं, लंगडू नका, डॉ. म्हणतात हे दुखणं घराण्यात उतरतं, त्यांना कळलं तर सोयरीक मोडेल. लंगडले नाहीत. पण कलेजी... आपल्यात घरच्या म्हाताऱ्यानं पहिला घास घेतल्याशिवाय पाव्हणे ताटाला हात लावत नाहीत. एक घास पुरे होता ना? ह्यांनी दोनदा घेतली! मी डोळे वटारते, तर म्हणतात, "बघा, आमची ही किती आग्रह करते." मग मुलाच्या आजोबांनीही परत घेतली.

सोम., ९
पहाटेपासून बोंबाबोंब. चादर लागली तरी ओरडतात. आमच्या सगळ्या सरस्वतीपुरमला ऐकू गेलं असेल. ऑटोनं डॉ.कडे. डॉ. बाईंनी विचारलं, "रोजची गोळी?" हे छताकडे बघतात. दुखायचं थांबलं की गोळी बंद!
बाई म्हणाल्या, युरीक अॅसिड अंगात तयार होतंच, मटण-कलेजीनं आणखी वाढतं. लघवीवाटे जायला हवं, ह्यांचं पुरतं जात नाही. रक्तात साठतं, मग सांध्यात त्याचे खडे धरतात, सुयांसारखे. अंगठाच का? तर तिथं अंग गार. मला लगेच कळलं. संक्रांतीला साखरेचा पाक साच्यात ओतते मी, गार झाला की दाणा धरतोच. ह्यांना कुठे कळतंय. "सुम्ने भीती घालतात," म्हणे. उगाच म्हणे!

बुध., ११
विजयनगरचा फोन नाही. कळलं असेल का? रंजू कामावरून आली की माझ्याकडे बघते, मी फोनकडे. मुलगा तिला एवढंच म्हणाला, घरी गडबड आहे, नंतर बोलू. पोरीचं तोंड एवढंसं.
आणि हे, पाय उशीवर ठेवून विचारतात, मासे तरी चालतील का. अय्यो देवा.

शुक्र., १३
आला! मुलाची आजी, अगदी हळू आवाजात. "अक्का, कुणाला बोलू नका. आमचे सोमवारपासून पडलेत. पायाचा अंगठा. जुनंच दुखणं आहे, तुमच्यापासून लपवलं. तुमचे खातात, आपण नको कसं म्हणायचं, म्हणून खाल्लं."
मीही मग आमच्या मोज्यांचं सांगितलं. दोघी इतक्या हसलो! नंतर मला रागच आला. दोन म्हातारे, एकमेकांची भीड धरून विष खातात, आणि झोप आम्हा बायकांची जाते.
ह्यांना यातलं काही सांगितलं नाही. पुढच्या वेळी साधं जेवण करू का म्हटलं, तर, "व्याह्यांना सारभात वाढणार? इज्जत आहे की नाही?" तिचेही हेच म्हणतात.
रंजूला सांगितलं. आधी उडी मारली, मग खाली बसली. "अज्जी, दोन्हीकडनं आलं, तर आमच्या मुलांचं काय?" डॉ.ना विचार म्हटलं. म्हणाली, त्यालाही घेऊन जाते, मगच हो म्हणेन.
हे आतून ओरडतायत, "मटण सांगितलंस का?"
रवि. २२ ला परत येतो म्हणाल्या मुलाच्या आजी.